परक्या हातचं

गोम्मार फेरलिंडन कुत्र्यांच्या क्लबात कुणाच्या हातची कॉफी घेत नसे. घरून थर्मास आणायचा, झाकण जागच्या जागी आहे ना ते बघायचा आणि मगच ओतून घ्यायचा. बेल्जियमातल्या लिअर गावाजवळच्या आमच्या त्या मैदानावर सगळेच कुत्रेवाले थोडेफार संशयी. पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. गोम्मारचं तोंड कधी पोळलंही नव्हतं, आणि तो पाणीसुद्धा फुंकून प्यायचा.

त्याचा कुत्रा बास्को, मालिन्वा या राखणीच्या जातीचा. अंगभर जाड पोशाख घातलेल्या माणसाला धावत जाऊन धरायचं आणि मालकाच्या एका शब्दावर सोडायचं, हे इतरांच्या कुत्र्यांनाही येत होतं. बास्कोचं नाव झालं होतं ते वेगळ्याच कारणानं. स्पर्धेत मैदानावर मांसाचे तुकडे टाकून ठेवतात, परका माणूस पुढ्यात सॉसेज फेकतो, आणि कुत्र्यानं त्याला तोंड लावायचं नसतं. भलेभले कुत्रे तिथे घसरतात. बास्को ढुंकूनही बघत नसे. गोम्मारनं त्याला पिल्लू असल्यापासून शिकवलं होतं, खायचं ते फक्त माझ्या हातचं, आणि तेही मी कानात एक शब्द पुटपुटल्यावर. तो शब्द कोणता, हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. मागे पित्ताच्या खड्यांसाठी तो हॉस्पिटलात होता तेव्हा त्याच्या बायकोनं, लुटगार्डनं, कुत्र्यापुढे चांगलं गोमांस ठेवलं, त्याला गोंजारलं, शेवटी रडली. बास्को पाण्यावर राहिला. घरी आल्यावर त्याची हाडं बघून गोम्मारला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त अभिमान वाटला. क्लबात कितीतरी दिवस तो तेच सांगत होता.

यंदा सप्टेंबरात राष्ट्रीय स्पर्धा होती आणि बास्कोची निवड झाली होती. त्यातच डॉक्टरांनी गोम्मारला सांगितलं, हृदयाची झडप बदलायला हवी, उन्हाळ्याच्या आत. त्यानं हे कुणाला कळू दिलं नाही. ऑक्टोबरात बघू, एवढंच डॉक्टरांना म्हणाला. तो खाटेवर पडला तर कुत्र्याला घालणार कोण? जिना चढताना छातीत आवळायचं, तेव्हा तो कठड्याला रंग कसा लागलाय ते बघत उभा राहायचा.

आणि एप्रिलातल्या एका संध्याकाळी बास्कोच्या कुशीवरून फिरणारी त्याची बोटं थबकली. बरगड्या हाताला लागेनात. खाणं तर तो स्वतः तोलून देत होता. सकाळी त्यानं कुत्र्याची घाण काडीनं उकलून पाहिली. आत गाजराचे तुकडे होते. गोम्मारनं जन्मात कुत्र्याला गाजर घातलं नव्हतं.

संशय गेला तो रिकवर. रिक त्याचा शेजारी, कुंपणापलीकडे त्याचा भाजीचा वाफा, आणि निवडीत त्याचा कुत्रा एका जागेनं मागे राहिलेला.

"तुझी गाजरं यंदा बरी आलीत म्हणे," क्लबाच्या कॅन्टीनमध्ये गोम्मारनं विषय काढला.

"एप्रिलात?" रिक बिअरचा फेस पुसत म्हणाला. "अजून धड उगवली नाहीत."

"गेल्या वर्षीची असतील ठेवलेली."

"सरळ बोल की लेका. झालं काय?"

"माझा कुत्रा फोडतंय कुणीतरी. खायला घालून."

"गोम्मार, इतक्या वर्षांत मी तुला एक कप कॉफी पाजू शकलो नाही. तुझ्या कुत्र्याला मी काय गाजर चारणार?"

सगळे हसले. चोराच्या मनात चांदणं, असं मनाशी म्हणत गोम्मारनं थर्मास उचलला आणि घरी गेला.

गुरुवारी खाद्य आणायला जातो म्हणून तो निघाला, गाडी चर्चपाशी लावली आणि मागच्या वाटेनं चालत परतला. वाटेत दोनदा दम खायला थांबावं लागलं. शेडच्या आडून डोकावला तर बास्कोच्या पिंजऱ्यात त्याचाच जुना कोट आणि त्याचीच टोपी घालून कुणीतरी उकिडवं बसलेलं. क्षणभर त्याला वाटलं, घर फोडलं कुणी. त्या माणसानं बास्कोच्या कानाला तोंड लावलं. बास्कोनं वाडगं चाटून साफ केलं. मग टोपी निघाली, कोट निघाला आणि खाली लुटगार्डचा ॲप्रन दिसला. तिनं दुसरं वाडगं पुढे केलं, पुन्हा कानात काही म्हणाली. कुत्रा शेपूट हलवत खाऊ लागला.

"लुटगार्ड."

ती दचकली नाही. "ये पुढे. आडोशाला थंडी आहे."

"माझी सगळी मेहनत मातीत घातलीस. सप्टेंबरात तो पंचासमोर सॉसेज गिळेल."

"नाही गिळणार. परवा पोस्टमनला हॅम टाकायला लावलं, वासही नाही घेतला त्यानं. माझं तेवढं खातो. आधी तुझ्या कोटात खायचा, आता कोटाशिवायही खातो."

"आणि शब्द?" गोम्मारचा आवाज चिरकला. "शब्द कुणी सांगितला तुला?"

"सिडोनी? सासूबाईंचं नाव. तूच सांगितलास. झोपेत बोलतोस तू, लग्न झाल्यापासून बोलतोस."

गोम्मार पालथ्या बादलीवर बसला. अख्ख्या गावापासून जे जे त्यानं कडीकुलपात ठेवलं होतं, ते तो स्वतःच सांगून मोकळा होत होता.

"अजून काय बोलतो मी?"

तिनं वाडगी एकात एक घातली. "ऑपरेशनचं बोलतोस. नको म्हणतोस, बास्को उपाशी मरेल म्हणतोस. आता नाही मरायचा तो. तेवढं एक निमित्त तरी तुझ्याकडून काढून घेतलं."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू शब्द बदलला असतास."

ते खरं होतं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

"रिकची माफी मागावी लागेल," तो म्हणाला.

"त्याच्या हातची एक कॉफी पी. त्याला पोचेल."

बास्को येऊन त्याच्या गुडघ्याला टेकला. गोम्मारनं त्याच्या कुशीवरून हात फिरवला. चांगला भरला होता.

"मला भीती वाटते, लुटगार्ड."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तेही बोलतोस."

त्यानं खिशातून फोन काढला आणि हॉस्पिटलचा नंबर लावायला तिच्या हातात दिला.