इंजिनाची माफी

आमच्या सात रस्ता चौकात लोक सांगतात की मी माझ्या जुन्या मोटारीच्या पाया पडलो. हे साफ खोटं आहे. मी फक्त माफी मागितली, आणि तीही आमच्या मेकॅनिकमुळे.

हा गृहस्थ मोटारीला ‘म्हातारी’ म्हणतो. बॉनेट उघडण्याआधी त्यावर टकटक करतो. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्याचा थर जुने व्हॉल्व्ह झिजू द्यायचा नाही. आता शिसं नसतं, म्हणून पेट्रोल भरताना टाकीत एक औषध ओतायला त्याने मला बजावलं होतं. मी वर्षभर विसरत गेलो. व्हॉल्व्ह झिजले, मोटार बंद पडली. दोष सगळा माझाच.

त्याने दुरुस्ती केली. दुपारी नातीची पाठवणी याच मोटारीतून व्हायची होती, पण तो किल्लीच देईना.

“आदी म्हातारीची माफी मागा.”

“अहो, लोक बघतायत!”

“बघू द्या की. लई तरास काढलाय तिनं.”

मंगल कार्यालयातून फोनवर फोन येत होते. मी बॉनेटवर हात ठेवून पुटपुटलो, “चुकलं गं माझं.”

“जोरात! तिला कमी ऐकू येतं.”

मी ओरडलो. समोरचा चहावाला हसून हसून खाली बसला. मेकॅनिकने किल्ली दिली आणि मोटार पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

“माफी मागितली नसती तर सुरू झाली नसती का?” मी विचारलं.

“झाली असती की. पण काका, आता औषध इसराल व्हय?”