लाइन गेली तरी न घसरणारी मोटर

मे महिन्यात पुण्याची शहाणी माणसं थंड हवेच्या ठिकाणी जातात. मी अकोल्याला गेलो, आणि तेही मोटर आणायला. मुठीत मावेल एवढी, विजेवर चालणारी. ऐकणारे हसले. हसू देत.

माझी थोरली बहीण मोर्शीला असते. लग्न होऊन गेली ती तिकडचीच झाली, बोलणंसुद्धा वऱ्हाडी. यंदा तिला दमा जडला. सपाट निजली की श्वास कोंडतो. म्हणून माझ्या भाच्याने, नितीनने, पलंगाची डोक्याकडची फळी मोटरने वर उचलायची सोय केली. फळी उचलली छान जायची. पण लाइन (वीज) गेली की मोटर सुटायची आणि ताईच्या वजनाने फळी हळूहळू खाली यायची. दोनदा ती जीव घाबरा होऊन उठली. तेव्हापासून पलंगाला शिवत नाही, खुर्चीत बसूनच रात्र काढते. मी पोचलो तेव्हा तिचे पाय टम्म सुजलेले होते. मला संताप आला, कोणाचा ते कळेना.

"काहून (कशाला) आला रे एवढ्या उनात?" ती म्हणाली.

सकाळी नितीनच्या गाडीतून निघालो. संत्र्यांच्या बागा मागे पडल्या आणि ऊन चढायच्या आत अमरावती गाठली. मोटरींच्या पहिल्याच दुकानात विचारलं.

"कूलरची पायजे का?" दुकानदार म्हणाला.

"नाही. लाइन गेली की आहे तिथंच थांबणारी हवी."

"लाइन गेल्यावर मोटर थांबतेच ना भाऊ. मंग चालते कशी?"

"थांबते हो, पण वजनाने उलटी फिरते. ती उलटी फिरायला नको."

"अशी मोटर कूलरले नाही लागत," असं म्हणून त्याने विषय मिटवला.

वऱ्हाडात उन्हाळ्यात लहान मोटर म्हणजे कूलरचीच. पुढच्या दुकानांतही तेच. मला हवी होती वर्म गिअरची. तिच्या आत मळसूत्राचा दांडा दातेरी चाक फिरवतो, पण चाकाला काही केल्या तो दांडा उलटा फिरवता येत नाही. सगळी नोकरी ड्रॉइंग बोर्डावर गेली माझी, त्यामुळे एवढं ठाऊक होतं. मिळेल कुठे, ते ठाऊक नव्हतं. कारखान्यांसाठीच्या होत्या, त्या पाट्याएवढ्या. माझं तोंड पाहून नितीनने गिला वडा (दह्यात भिजवलेला उडदाचा वडा) खायला नेलं. थंडगार, वर तिखट चटणी. मी रागारागात दोन प्लेटी संपवल्या.

अकोल्याच्या वाटेवर, मूर्तिजापूरच्या अलीकडे, गाडी सावलीला उभी केली. नितीन किल्ली घेऊन पाणी आणायला गेला. माझ्या बाजूची काच अर्धी खाली होती. दार उघडून उतरताना मी सगळा भार त्या काचेवर दिला, आणि काच तसूभर हलली नाही. गाडी बंद, वीज बंद, काच मात्र जागच्या जागी. आत वर्म गिअर नाही तर काय असणार!

"नितीन, अकोल्यात जुन्या गाड्यांचे सुटे भाग कुठे मिळतात रे?" तो परत येताच मी विचारलं.

"काच फोडली का मामाजी?" त्याने बिचाऱ्याने विचारलं.

अकोल्यात डांबर चपलेला चिकटत होतं. सुट्या भागांचं दुकान एक बाई चालवत होत्या.

"काचेची मोटर हवी," मी म्हणालो.

"कोणत्या गाडीची?"

"पलंगाची."

बाईंनी नितीनकडे पाहिलं. त्याने सगळं सांगितल्यावर त्यांनी मोटरींची टोपलीच पालथी केली. "हातानं फिरवून पाहा. फिरली त बाजूले ठेवा. लाजू नका, जोर लावा."

मी पकड घेऊन बसलो. बऱ्याचशा झिजलेल्या निघाल्या, किरकिरत मागे फिरल्या. डोळ्यांपुढे ताईचे पाय होते, त्यामुळे एकीचीही गय केली नाही. शेवटी एक अडून बसली. नितीनने जोर लावला, बाईंनी स्वतः पिळून पाहिली, तरी ढिम्म. "हे न्या," त्या म्हणाल्या. "आईले सांगा, आता निवांत झोपा म्हना."

मोर्शीला येऊन मोटर बसवली, अ‍ॅडॉप्टर लावून घरच्या लाइनवर. ताई म्हणाली, "पयले तू निज." मी निजलो, नितीनने वायर काढली, फळी हलली नाही.

"तू त काडी हायेस. तुह्या भाऊजीले निजव."

भाऊजी चांगले भारदस्त. ते निजले, वायर काढली, फळी जागेवर, आणि ते चक्क घोरायला लागले. तरी ताई खुर्चीतच. "पाहू उद्या," म्हणाली. दुसऱ्या दिवशी माझी परतीची गाडी होती. निघेपर्यंत ती काही पलंगावर गेली नाही, आणि आग्रह करायची हिंमत मला झाली नाही. जी दोनदा घसरली, तिला पुन्हा टेक म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं?

बडनेऱ्याहून गाडी सुटली. खिडकीबाहेर काळी, नांगरलेली रानं संध्याकाळपर्यंत सरत राहिली. मग नितीनचा फोन आला.

"मामाजी, दुपारपासून लाइन नाही. आई पलंगावर झोपून राहिली. जेवाले उठवू का?"

"फळी?"

"जशीच्या तशी."

"उठवू नकोस." मी डोळे पुसायला लागलो.

समोरच्या बाकावरच्या बाई हळूच म्हणाल्या, "काही वाईट बातमी का हो?"

"नाही," मी म्हणालो. "माझी बहीण झोपली आहे."