मागच्या सीटला दार नसतं

शनिवार-रविवारी दोन दिवस कुठे जायला भाड्याची गाडी कोणती घ्यावी, ते मला विचारा. लोक एसी पाहतात, डिक्कीत किती बॅगा मावतात ते पाहतात, गाडी नवी की जुनी ते पाहतात. मी म्हणते, आधी दारं मोजा. मग बसणारी माणसं मोजा. आणि ज्याचे गुडघे गेले आहेत ते माणूस कोणत्या दाराने चढणार नि कोणत्या दाराने उतरणार, ते घरून निघायच्या आधी ठरवा.

माझी मोठी बहीण इटियाडोह धरणाच्या अलीकडे एका गावात राहते. घर अगदी सडकेला लागून. दोन वर्षांपूर्वी ती धानाच्या बांधावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून ती दारापुढच्या छपरीतल्या खुर्चीत. उठवायलाही माणूस लागतो. इकडे मी गोंदियात, आणि माझ्या गुडघ्यांना एसटीची पायरी झेपत नाही. तिला येता येत नाही, मला जाता येत नाही. रोज सकाळी फोन होतो, पण फोनवर माणूस दिसत नाही हो. भावंडांत आता आम्ही दोघीच उरलो. तिच्याजवळ एकदा दोन तास बसायचं, एवढंच मला हवं होतं.

मुलगा पुण्याला नोकरीला आहे. दिवाळीनंतर सून आणि दोन्ही नातींना घेऊन आला. म्हणाला, "आई, शनिवारी गाडी करू. धरणावर जाऊ, जाताना मावशीकडे थांबू." मोबाइलवरच गाडी ठरवली. माणसं पाच, म्हणून पाच सीटची. मी रात्रीच लुगडं काढून ठेवलं, आणि बहिणीला फोन केला की उद्या येते.

सकाळी गाडी दारात आली, आणि गाडीत ड्रायव्हर. पन्नाशीचा माणूस, तोंडात पान. मुलाने हात पुढे करून चाबी मागितली. तो म्हणाला, "चाबी छोड़ के गया, तो शाम को मालिक मुझे छोड़ देगा, भैया."

पुण्यात म्हणे गाडी भाड्याने घेतली की नुसती चाबी देतात. आमच्याकडे गाडी म्हटली की ती चालवणारा माणूस सोबत येतोच. इथे जन्मला, इथेच बारावीपर्यंत शिकला माझा मुलगा, पण ते विसरला. पाचात ड्रायव्हर मोजलाच नव्हता.

सगळे गाडीभोवती उभे. सून म्हणाली, "आई, मी थांबते ना, तुम्ही जा." तिची पर्स आधीच सीटवर होती. मी म्हटलं, "नको, तुम्ही फिरून या, माझी कंबरही दुखून राहिली आहे." कंबर दुखत नव्हती. असं म्हटलं की समोरच्याने एकदा तरी "नाही, तू चल" म्हणायचं असतं. कोणी म्हणालं नाही. दारं लागली आणि गाडी गेली.

बहिणीला फोन केला, तर तिने आधीच विचारलं, "निघाली का व लहाने? वडे तळून राहिली सून."

"गाडीत जागा नाही झाली, बाई."

"तुह्या पोराची गाडी अन् तूच मावली नाही? गाडी केलन का डब्बा आणलन?" आणि हसली. लाखोळीच्या डाळीचे वडे माझ्यासाठी करायला लावले होते तिने. मुलगा तिच्या दारावरून गेला, थांबला नाही. संध्याकाळी म्हणाला, "तूच नव्हतीस, मग कशाला थांबायचं."

बरं, पहिल्यांदा चूक झाली. चूक कोणाची होत नाही?

होळीच्या आधी ते पुन्हा आले. यावेळी सात सीटची गाडी. मुलगा कौतुकाने म्हणाला, "आता बोल." ड्रायव्हर तोच. मी पुढे गेले, तर पुढच्या सीटवर सुनेचं पाणी, पिशवी. तिला मागे बसलं की मळमळतं. मधल्या सीटवर मुलगा आणि दोन्ही नाती. मला शेवटची ओळ.

आता सात सीटच्या गाडीचं सांगते. शेवटच्या ओळीला दार नसतं. मधली सीट दुमडायची, त्या फटीतून वाकून आत जायचं, मग ती सीट पुन्हा सरळ करायची. काच असते, ती उघडत नाही. ड्रायव्हर पाहत होता. म्हणाला, "भैया, अम्मा को आगे बिठाओ."

मुलगा म्हणाला, "मागे ऐसपैस आहे, एकटीच तर आहे ती."

मुलाने एक हात धरला, ड्रायव्हरने दुसरा, आणि मी एकेक गुडघा टेकत आत गेले. नाती हसल्या. मीही हसले. बहिणीकडे चालले होते, गुडघ्याचं काय घेऊन बसायचं.

तिचं गाव आलं तेव्हा नाती मधल्या सीटवर झोपल्या होत्या, एक बापाच्या मांडीवर, एक माझ्या समोर सीटच्या पाठीला टेकून. मी म्हटलं, "थांबव बाप्पा, ते पाहा मावशीचं घर."

मुलगा हळूच म्हणाला, "आई, आता पोरींना उठवायचं, सीट दुमडायची, तुला काढायचं, परत घालायचं. येताना थांबू ना निवांत."

काढायचं, घालायचं.

धरणावरही मी गाडीतच बसून राहिले. त्यांनी फोटो काढले, जेवण केलं, मला पोळीभाजी काचेशी आणली, मग लक्षात आलं की काच उघडत नाही. डिक्कीचं दार वर करून दिली. येताना उशीर झाला, त्यांची संध्याकाळची ट्रेन होती. गावातल्या ब्रेकरवर गाडी हळू झाली. छपरीत खुर्ची दिसली, खुर्चीत ती दिसली. मी काचेला हात लावला. गाडीने वेग घेतला. तिचं लक्ष नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. काच काळी आहे, बाहेरून काय दिसणार.

त्यांची ट्रेन गेली आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः गाडीवाल्या मालकाला फोन केला.

"कितने लोग हैं, माताजी?"

"एक."

"एक के लिए कौनसी दूँ?"

मी म्हटलं, "समोर बसता येईल अशी द्या. सीट फार खाली नको, विहिरीत उतरल्यासारखं होतं. फार उंच नको, चढता येत नाही." तो म्हणाला, समझ गया. आणि खरंच समजला. पुढच्या सकाळी लहान गाडी पाठवली, सीट बरोबर कमरेला आली. बूड टेकलं, पाय आत घेतले, झालं. इतकं सोपं होतं ते.

ड्रायव्हर तोच. पूर्ण रस्ताभर त्याने त्या दिवसाचा विषय काढला नाही. भला माणूस.

मी उतरून छपरीत गेले. बहिणीने माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या सुनेला म्हणाली, "पाहुणीले खुर्ची दे." मला वाटलं, गंमत करते. मी तिच्याच पायाशी बसायला गेले, तर म्हणाली, "वर बस. तुले खाली बसता येत नाही आता."

मग म्हणाली, "परवा मांगच्या काचातून तूच दिसली ना?"

मी पदर नीट केला.

"जाताना पाह्यली. म्हटलं, येतान थांबन. सुनेले भात टाकाले सांगितली. येतान बी गेली. मी हात केली तुले. काऊन नाही उतरली?"

तिची सून दारात उभी होती. मी खरं सांगितलं असतं, तर माझ्या मुलाचं नाव संध्याकाळपर्यंत साऱ्या सोयऱ्यांत खराब झालं असतं. आईच्या तोंडून ते निघत नाही. मी म्हटलं, "डोळा लागला होता, बाई."

"काचाले हात लावून झोपतेस?"

तिने दुसरा प्रश्न केला नाही. चहा झाला. धानाचं बोलली, तिच्या औषधांचं बोलली, शेजारच्या लग्नाचं बोलली. जे शेजारणीशी बोलतात ते सगळं बोलली. दोन तास मला हवे होते, ते मिळाले. घड्याळाकडे मीच पाहत होते.

निघताना मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, "येते व बाई." आमच्यात कोणी येते म्हटलं की ये म्हणतात. जा कोणी म्हणत नाही, घरून निघणाऱ्या माणसाला जा म्हणू नये. लहानपणापासून तिनेच मला यावरून कितीदा रागावलं असेल.

ती म्हणाली, "जा."

गाडीत बसले. ड्रायव्हरने विचारलं, "अम्मा, बाँध दिखा दूँ? पास ही है." मी नको म्हटलं.

याला आता चार महिने झाले. सकाळचा फोन मी अजून करते. ती तब्येत सांगते, माझी विचारते, आणि लगेच "सुनेशी बोल" म्हणते. मला रोज वाटतं, आज सांगून टाकावं की मी झोपले नव्हते, त्या सीटला दार नव्हतं. पण फोनचा स्पीकर चालू असतो, आणि तो सूनच धरून उभी असते.