अप्पांच्या कॉम्प्युटरवरचं श्री

“श्री पुसलं, अन् त्या दिसापासून कॉम्प्युटर बसलं. आता तुमीच सांगा इंजिनियर, ह्यात बघायचं काय ऱ्हायलंय?”

अप्पांनी मला खुर्ची दिली नव्हती, पाणी विचारलं नव्हतं, थेट निकालच ऐकवला होता. बसवकल्याणच्या बसस्टँडमागं त्यांचा छापखाना आहे. वय सत्तरीपार, कपाळावर विभूती, खिशाला तीन पेनं, अन् तिन्हींत शाई नाही. लिहायचं काम सगळं शकुंतलाक्का करतात. बावीस वर्षं झाली. मराठी, कन्नड, हिंदी, तिन्ही टायपिंग त्यांच्या बोटांत आहे.

त्या दिवशी मात्र अक्का कॉम्प्युटरवर नव्हत्या. कोपऱ्यात स्टुलावर बसून पाकिटांवर हातानं नावं लिहीत होत्या. मान वर नाही.

“काय झालं अक्का?” मी विचारलं.

“मला काय विचारता सर? मला उद्यापासून येऊ नको म्हणलंय. आजचं काम संपवून जाते.”

मी अप्पांकडं बघितलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले.

बाकावर मंठाळचे माणिकराव बसले होते. नऊ दिवसांवर लेकीचं लग्न. बाहेर जीप उभी, जीपमध्ये तीन पाहुणे, अन् पत्रिका वाटायला आजच निघायचं होतं. पत्रिका तयार होत्या. अडलं होतं ते सातशे चाळीस पाकिटांवरच्या नावांवर.

“हातानं लिहिलेलं चालंल की,” मी म्हटलं.

“मग अप्पाकडं कामून आलो असतो?” माणिकराव म्हणाले. “व्याह्यांनी छापील नावाची पाकिटं वाटलीत. आमी पेनानं लिवून वाटावं व्हय?”

थोडं माझ्याबद्दल सांगतो. हैदराबादेत सव्वीस वर्षं मी कंपन्यांची कॉम्प्युटरं सांभाळली. ह्या कामाला सिस्टिम ॲडमिन म्हणतात. सगळं सुरळीत चाललं की तुम्ही कुणाच्या खिजगणतीत नसता, बंद पडलं की सगळ्यांना तुमचा नंबर पाठ असतो. रिटायर होऊन गावी आलो, तर नंबर माझ्याआधी येऊन पोचला होता.

अप्पांचं ते पाकिटांचं काम मीच बारा वर्षांपूर्वी करून दिलेलं. एक पर्ल स्क्रिप्ट. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेली कामांची यादी, अन् पर्ल ही ती यादी लिहायची एक जुनी भाषा. मजकूर निवडायला, लावायला, फिरवायला तिचा हात कुणी धरू शकत नाही, असं मी म्हणतो. आजकालची पोरं म्हणतात, सर, हे अजून जिवंत आहे? आपल्याकडं सीमाभागात पाहुणे तीन भाषांत पसरलेले. माझी स्क्रिप्ट गावावरून भाषा ठरवायची, औरादच्या पाहुण्याला मराठी, कलबुर्गीच्या पाहुण्याला कन्नड, अन् मग बसच्या रूटप्रमाणं पाकिटं लावून द्यायची. वाटणाऱ्याला एकाच गावात दोनदा जावं लागत नाही. एखादं पाकीट चुकीच्या गठ्ठ्यात गेलं की पाहुणा रुसलाच समजा. अन् आपल्याकडचा रुसलेला पाहुणा बारशापर्यंत बोलत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी जुनं मशीन मेलं. अप्पांनी नवं घेतलं. विंडोजनं पहिल्यांदा चालू होताना विचारलं, तुमचं नाव काय? अप्पांच्या घरात नवी वही असो, नवा डबा असो, पहिलं अक्षर श्री. तिथंबी श्रीच टाकलं, तेही मराठीत. दहा-बारा दिवस पत्रिकांचं डिझाईन अन् छपाई बिनबोभाट चालली. परवा नव्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरला ते नाव नको होतं, म्हणून अक्कांनी सेटिंगमध्ये जाऊन ‘प्रेस’ केलं, इंग्रजी अक्षरांत. काल पाकिटांचं काम पहिल्यांदा नव्या मशीनवर लावलं, अन् चाललं नाही.

अप्पांचा हिशेब सरळ होता. श्री होतं तोवर चाललं, श्री गेलं, बंद पडलं.

“अप्पा, कॉम्प्युटर असं रुसत नसतं,” मी म्हटलं.

“तुमी सव्वीस वर्षं कुणाची समजूत काढायला जात होता मग?”

मी खुर्ची ओढून बसलो.

अक्का ज्यावर डबल क्लिक करायच्या ती फाईल मी दाबली. एक काळी खिडकी आली अन् डोळा मिटायच्या आत गेली. विंडोजवर पर्लचं हे नेहमीचं आहे. चूक काय झाली ते खिडकी लिहिते, पण वाचायला थांबत नाही. अशा वेळी डबल क्लिक करायचं नाही. काळी खिडकी आपण स्वतः उघडायची, तिच्यात आज्ञा टाईप करायची, म्हणजे ती जे काय बोलेल ते पडद्यावर राहतं.

तसं केलं. उत्तर आलं, पर्ल कोण, मी ओळखत नाही.

“हे तर सोपं आहे,” मी मोठ्यानं म्हटलं. अक्कांनी आधीच पेन ड्राईव्हवर जपून ठेवलेलं पर्लचं फोल्डर नव्या मशीनवर आणून ठेवलं होतं. पण विंडोज घरभर शोधत फिरत नाही. त्याच्याकडं पत्त्यांची एक यादी असते, तिला पाथ म्हणतात. त्या यादीत नाव नसेल, तर वस्तू समोर असली तरी त्याला दिसत नाही. मी यादीत पर्लचा पत्ता घातला, नवी काळी खिडकी उघडली अन् माणिकरावांना म्हटलं, “जीप स्टार्ट करा.”

माणिकराव खरंच उठले. स्क्रिप्टनं नवी चूक दाखवली. माणिकराव बसले.

मग माझा संशय तिरप्या रेघांवर गेला. विंडोज पत्ता लिहिताना उलटी तिरपी रेघ वापरतं, अन् पर्लमध्ये त्या रेघेपुढं काही ठराविक अक्षरं आली की वेगळाच अर्थ होतो. जुन्या मशीनवर डी ड्राईव्ह होता, नव्यावर सीच आहे, म्हणजे पत्ते बदलावे लागले असणार. मला वाटलं, इथं अक्का फसल्या. स्क्रिप्ट उघडली. सगळे पत्ते बरोबर बदललेले, अन् रेघा सुलट, पर्लला चालतात तशा.

“अक्का, हे कुणी सांगितलं?”

“तुमीच. बारा वर्षांखाली. त्या भिंतीवर चिकटवलंय बघा.”

कागद पिवळा पडला होता, अक्षर माझं होतं. मी साफ विसरलो होतो. मला बरंही वाटलं अन् लाजही वाटली.

“म्हंजे शकुंतलाची चूक न्हाई म्हणता?” अप्पांनी विचारलं.

“ह्यात तरी नाही.”

“तर मग श्रीच.” अप्पांनी मान डोलावली. माणिकरावांनीही डोलावली. दोन विरुद्ध एक झालं. अक्का मान खाली घालून पाकिटं लिहीत होत्या, साठ-सत्तर झाली असतील. अक्षर छापल्यासारखं होतं, पण पेन जरा जास्तच दाबलं जात होतं. बावीस वर्षांची नोकरी एका अक्षरापायी चालली होती, अन् मी अजून चाचपडत होतो.

मी चूक सांगणारा निरोप पुन्हा वाचला, ह्या वेळी सावकाश. आमच्या धंद्यात निम्मी दुरुस्ती म्हणजे निरोप शेवटपर्यंत वाचणं. स्क्रिप्ट म्हणत होती, मला कच्ची फाईल ठेवायला जागा मिळत नाही. पीठ मळायला परात लागते, तशी स्क्रिप्टला यादी लावताना तात्पुरती जागा लागते. ती जागा कुठं, हे विंडोज सांगतं. विंडोजनं सांगितलेला पत्ता असा होता: सी ड्राईव्ह, मग यूजर्स, मग चार प्रश्नचिन्हं, ????, मग पुढचं सगळं नीट.

“अक्का, ह्या कॉम्प्युटरचं नाव काय?”

“प्रेस. वर लिवलंय की.”

वर ‘प्रेस’च लिहिलं होतं. त्याची इंग्रजी अक्षरं पाच. प्रश्नचिन्हं चार. मी यूजर्सचं फोल्डर उघडलं. आत ‘प्रेस’ नावाचं काहीच नव्हतं. एक सगळ्यांसाठीचं फोल्डर, अन् त्याच्या शेजारी मराठीत, ठळक, पालथी मांडी घालून बसलेलं: श्री.

मला हसू आवरेना.

“काय झालं?” अप्पा दचकून उठले.

“अप्पा, श्री गेलंच नाही. हे बघा, इथं बसलंय.”

प्रकार असा असतो. विंडोजला सुरुवातीला जे नाव सांगाल, त्या नावाचं फोल्डर ते आत बांधून घेतं. पुढं नाव बदललं की पडद्यावरची पाटी बदलते, आतलं फोल्डर तसंच राहतं. घरावरची पाटी बदलली म्हणून उताऱ्यावरचं नाव बदलत नाही, तसं. डिझाईनची नवी सॉफ्टवेअरं मराठी नावाला बुजत नाहीत. माझं पर्ल जुन्या वळणाचं. विंडोजकडून असे पत्ते घेताना त्याला इंग्रजी अक्षरं तेवढी कळतात, न कळलेल्या प्रत्येक खुणेला ते प्रश्नचिन्ह लावतं. कॉम्प्युटरच्या हिशेबानं श्रीमध्ये खुणा चार. अन् प्रश्नचिन्हाच्या नावाचं फोल्डर विंडोजमध्ये असूच शकत नाही. मग परात सापडणार कुठून?

मी सी ड्राईव्हवर ‘काम’ नावाचं फोल्डर केलं, इंग्रजी अक्षरांत. अक्का जी फाईल दाबतात तिच्यात दोन ओळी घातल्या: कच्चं काम इथं ठेव. आज्ञा दिली. काळ्या खिडकीत गावांची नावं सरसर खाली जायला लागली. प्रिंटरनं पहिलं पाकीट ओढलं. त्यावर माणिकरावांच्या मोठ्या भावाचं नाव होतं. माणिकरावांनी ते पाकीट दोन्ही हातांनी धरलं, वाचलं, अन् कुणी बघायच्या आत उपरण्यानं डोळे पुसले.

“अक्कानं लिवलेली बी द्या,” ते म्हणाले. “ती घरच्या मान्साला देतो.”

जीप गेली. छापखान्यात आम्ही तिघं उरलो. अप्पांनी पडद्यावरच्या श्रीकडं बोट केलं.

“म्हंजे श्रीमुळं चाललं न्हाई?”

“श्रीची चूक नाही अप्पा. जागा चुकली.”

“अन् ते तिथं टाकलं कुणी?” त्यांनी हे अशा आवाजात विचारलं, जणू आणखी कुणीतरी सापडेल अशी त्यांना आशा होती.

अक्का उठल्या. टेबलाच्या खणातून एक लांबट वही काढली. कॉम्प्युटरला हात लावला की काय केलं ते त्या लिहून ठेवतात, पहिल्या दिवसापासून. त्यांनी पान काढलं अन् उभ्या राहून वाचलं.

“गुरुवार, सकाळी साडेनऊ. नवं मशीन चालू केलं. नाव विचारायलंय. अप्पांनी श्री टाकायला लावलं. मी म्हणलं, इंग्रजीत टाकू का. अप्पा म्हणले, न्हाई. सरांना फोन लावला.” इथं त्या थांबल्या अन् माझ्याकडं बघितलं. “सर म्हणले, काय बी टाका, नावात काय हाय.”

मला तो फोन आठवला. मी तेव्हा घरी जेवत होतो.

“तरी म्हणलं,” अप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, “एवढं मोठं काम मला एकट्याला कसं जमलं!”

अक्का हसल्या नाहीत. वही छातीशी धरून उभ्या राहिल्या. “उद्यापासून येऊ का नको, तेवढं सांगा.”

अप्पांनी खिशातलं एक पेन काढलं, टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग मान खाली घालून म्हणाले, “चुकलं माझं, शकुंतला. तुज्याबिगर हितं माझा एक कागद हलत न्हाई. ये उद्या.”

बावीस वर्षांत हे वाक्य त्या छापखान्यात झालं नव्हतं. अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पदरानं टिपलं, स्टूल पुढं ओढलं, वही उघडली अन् घड्याळाकडं बघितलं.

“काय करायलीस?” अप्पांनी विचारलं.

“थांबा, लिवून घेते.”

अन् त्यांनी लिहिलं. वेळ, वार, अप्पांचे शब्द जसेच्या तसे, अन् खाली साक्षीदार म्हणून माझी सही घेतली.

जाताना अप्पांना एकच काळजी होती: आता श्री काढायचं का? मी म्हटलं, राहू द्या. शिवाय स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत मी ते आणखी एकदा घातलं, पुढं एक खूण टाकून. पर्ल ती खूण असलेली ओळ वाचतच नाही, फक्त माणसं वाचतात. अप्पांना श्री दिसतं, पर्लला दिसत नाही, दोघंही सुखी आहेत.

तेव्हापासून कुणी नव्या कॉम्प्युटरचं विचारायला फोन केला, की मी हातातला घास खाली ठेवतो अन् सांगतो: नाव इंग्रजी अक्षरांत, साधं, आखूड टाका. अन् ऑफिसात वही ठेवणारी बाई असेल, तर तिच्यावर आळ घेण्याआधी वही मागून बघा.