एकच परात

गुरुजींनी माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, उलटं केलं आणि पुन्हा माझ्या हातात दिलं. म्हणाले, "असं धर. तुला काय, सुलटं काय अन् उलटं काय, सारखंच."

वर्ग फिदीफिदी हसला. मी चौथीत दुसऱ्यांदा बसलेली, सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. उलटं पुस्तक छातीशी धरून मधल्या सुट्टीपर्यंत फळ्याजवळ उभी राहिले. दारातून मुख्याध्यापक चालले होते. गुरुजी त्यांना माझ्यादेखत म्हणाले, "ह्यांच्या डोक्यात अक्षर ठरत न्हाई, सर. पिढ्यान् पिढ्या हातात पाटी धरली न्हाई, ठरणार कसं?" मुख्याध्यापकांनी मान हलवली आणि पुढे गेले.

मला कविता एकदा ऐकली की पाठ व्हायची. पाढे तोंडावर होते. पण छापलेली ओळ समोर आली की सगळं बिनसायचं. घ बघावा तर ध वाटायचा, भ म्हणावं तर म निघायचा. शब्दाच्या शेवटाला पोचेपर्यंत त्याची सुरुवात हातची गेलेली असायची. हे मी कुणाला सांगणार? मला वाटायचं सगळ्यांनाच असं दिसतं, बाकीची पोरं फक्त माझ्यापेक्षा हुशार आहेत. आणि गुरुजी जे म्हणतात ते खरं असेल, असंही वाटायचं. ते वाटणंच सगळ्यात वाईट होतं.

परीक्षा झाल्यावर गुरुजींनी मायला शाळेत बोलावून घेतलं. "जूनमध्ये पोरीनं एक उतारा वाचून दाखवायचा. न्हाई आला तर नाव कापतो. मग न्या तिला खडी फोडायला."

माय तेव्हा रोजगार हमीच्या कामावर खडीच फोडत होती. बाप हैदराबादकडे बांधकामावर गेला होता. कंधारकडचं गाव सोडून आम्ही लातूरला आलो होतो, कारण गावाची विहीर तळ दाखवून बसली होती. इथे तरी कुठे पाणी होतं? पण लातूर नवाच जिल्हा झाला होता. नवी हापिसं, नवे साहेब, नवे बंगले. काम मिळेल, असं सगळे म्हणत होते. मुकादमानं मायला सांगूनच ठेवलं होतं, पोरगी शाळेतून मोकळी झाली की आण.

त्या उन्हाळ्यात एका साहेबांच्या बाईंनी बंगल्याच्या व्हरांड्यात कच्च्या मुलांसाठी वर्ग सुरू केला. बाई पुण्याच्या. त्यांचा मुलगा निखिल माझ्याच वर्गात होता. त्यालाही वाचता येत नव्हतं. फरक एवढाच, की गुरुजी त्याला कधी वाचायला उठवत नसत. त्याला एकट्याला अभ्यासाचा कंटाळा येतो म्हणून बाईंनी शाळेतली आणखी काही पोरं मागवली. गुरुजींनी त्यांच्यात माझंही नाव दिलं. माय खूश झाली. तिनं माझ्या केसांना तेल लावलं, धुतलेला परकर दिला. म्हणाली, "नीट बस. बाई सांगतील ते कर."

बाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तू आधी झाडांना पाणी घाल हं. मग बघू."

ते 'मग' काही आलं नाही. बंगल्याला बोअर होतं. मी हापशावर पाणी काढायची, झाडांना घालायची, अंगणात शिंपायची. बाकीची पोरं व्हरांड्यात सतरंजीवर बसायची. काम झालं की मी पायरीवर टेकायची. बदल्यात संध्याकाळी एक घागर घरी न्यायची परवानगी होती. आमच्या वस्तीत टँकर कधी यायचा, कधी यायचा नाही, त्यामुळे ती घागर म्हणजे आमचा स्वयंपाक होता. म्हणून मायला मी वर्गात बसत नाही, हे सांगितलंच नाही.

पायरीवरून मला सगळं दिसायचं. बाईंनी एका पितळी परातीत तुरीची डाळ पसरली होती. लातूरची डाळ, पिवळीधमक. त्या डाळीत मुलांनी बोटानं अक्षर काढायचं. मोठ्यानं म्हणायचं, परात हलवून मोडायचं, पुन्हा काढायचं. एकेकाची पाळी. बंड्या म्हणून किराणा दुकानदाराचा पोरगा होता, त्याचं नाक बारमाही वाहायचं. तो मनगटानं नाक पुसायचा आणि तेच बोट डाळीत घालायचा. संध्याकाळी बाई डाळ गोळा करायच्या आणि रोज एकच वाक्य म्हणायच्या, "मुलांनो, दुष्काळ आहे, अन्न वाया घालवायचं नाही." मग ती डाळ धुऊन घरात शिजायची. दुसऱ्या दिवशी परातीत डब्यातली नवी डाळ यायची.

एकदा शेजारच्या बंगल्यातल्या बाई चहाला आल्या होत्या. मी कुंड्यांना पाणी घालत होते. आमच्या बाई त्यांना सांगत होत्या, "निखिलला अक्षरं उलटसुलट दिसतात. बुद्धी छान आहे हो त्याची, कविता एकदा ऐकली की पाठ. अशी मुलं असतात. शिकवायची रीत तेवढी वेगळी हवी."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. कुंडी भरून पाणी फरशीवर वाहायला लागलं. कविता एकदा ऐकली की पाठ! अक्षरं उलटसुलट! हे तर माझं होतं. तोच दोष, तसाच्या तसा. त्याला झाला तर बुद्धी छान आणि रीत वेगळी हवी. मला झाला तर पिढ्यान् पिढ्या. मी अकरा वर्षांची असेन, पण एवढं मला तिथल्या तिथे कळलं. बाई ओरडल्या, "अगं, पाणी!" मी फडकं आणून फरशी पुसली.

त्या दिवसापासून मी पायरीवर बसून मांडीवर बोट फिरवायला लागले. निखिलनं ते पाहिलं. तो चांगला होता, उगाच खोटं कशाला सांगू? एके दिवशी बाई आत फोनवर बोलत होत्या. निखिलनं परात ओढत पायरीपर्यंत आणली आणि माझं बोट धरून डाळीत टेकवलं. "घ काढ. मोठ्यानं म्हण."

मी काढला. मोडला. पुन्हा काढला. घ, घ, घ. मग घर. मग घागर. डाळीचे दाणे बोटाखाली बाजूला सरत होते आणि अक्षर बोटाला कळत होतं. जे डोळ्याला इतकी वर्षं समजलं नव्हतं, ते बोटाला एका दुपारीत समजलं. मला इतका आनंद झाला, की मी हसायलाच लागले. निखिलही हसला, बंड्याही. बाई बाहेर आल्या, परात पाहिली आणि म्हणाल्या, "अरे वा, छान काढलंस."

मला वाटलं, झालं. आता मी सतरंजीवर.

संध्याकाळी पोरं गेली. मी घागर भरून निघाले होते. बाईंनी हाक मारली. त्यांच्या हातात परात होती. "ओचा पसर," म्हणाल्या. मी काही न कळून परकराचा ओचा पसरला. त्यांनी सगळी डाळ माझ्या ओच्यात ओतली.

"घे. तुमच्याकडे होईल. वाया कशाला घालवायची?"

त्या हसत होत्या. बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. घरात डाळ संपून कितीतरी दिवस झाले होते, आम्ही मिरचीच्या ठेच्याशी भाकरी खात होतो. ओच्यात ओंजळी-ओंजळीनं मोजावी एवढी डाळ. तोंडाला पाणी सुटलं, हे कबूल करते. आणि त्याच क्षणी कळलं, की ही मला का मिळाली.

मी विचारलं, "बाई, कालच्या डाळीचं काय केलं?"

"कालच्या? आमटी केली."

"तिच्यात बंड्याचा हात होता."

बाईंचं हसू गेलं. "ते वेगळं," म्हणाल्या. "घेऊन जा म्हटलं ना."

दाराच्या आत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. टाकू नको असं कुणी सांगितलंही नव्हतं, मलाच ते माहीत होतं. मी ओचा दोन्ही हातांनी धरला आणि सरळ आत गेले. बैठकीतून, देवघरावरून, स्वयंपाकघरात. ओट्याखाली डाळीचा मोठा डबा होता. झाकण काढलं आणि ओचा त्यात मोकळा केला. वरून हात घालून चांगली ढवळली, तळापासून. बाई दारात उभ्या राहून नुसत्या ओरडत होत्या. काय ओरडत होत्या ते मला आठवत नाही. माझं मात्र आठवतं. मी म्हणाले, "आता सगळीच माझ्या हाताची झाली."

घागर तिथेच राहिली. मी मोकळ्या हातानं घरी आले.

मायनं विचारलं, "घागर कुठं हाय?" मी सगळं सांगितलं. पायरी, पाणी, परात, डबा. तिनं पाठीत दोन धपाटे घातले. "घरात दाणा न्हाई अन् तू ओच्यातली डाळ ओतून आलीस? काय सांगून राहिलीस तू? उद्या पाणी कुठून आणू?" मग ती चुलीपुढे बसली. राख उकरत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "त्यांच्याच डब्यात ओतलीस?"

"हाव."

"ढवळलीस?"

"हाव. खालपासून."

"मंग आज साहेब काय खाईल गं?" आणि ती हसायला लागली. मीही. पोटात काही नव्हतं, प्यायला पाणी नव्हतं, आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

साहेबानं काय खाल्लं ते ठाऊक नाही. पण डब्याचं काय झालं, ते बंगल्यावर भांडी घासणाऱ्या मावशीनं दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं. बाईंनी अख्खा डबा दूधवाल्याला दिला, म्हशीसाठी. दुष्काळ आहे, अन्न वाया घालवायचं नाही म्हणणाऱ्या बाई. माझा हात लागलेली डाळ म्हशीला चालली. बंगल्याला चालली नाही. माय त्यावर हसली नाही.

त्यानंतर मायला लांबच्या विहिरीवर जावं लागलं, पहाटे उठून. तिनं मला एकदाही त्यावरून बोल लावला नाही. मी तिच्यासोबत खडीच्या ढिगावर जायची आणि ती फोडत असताना फुफाट्यात बोटानं अक्षरं काढायची. डाळ नव्हती, धूळ भरपूर होती.

जूनमध्ये शाळा उघडली. गुरुजींनी उतारा समोर ठेवला. मी मांडीवर बोटानं एकेक अक्षर गिरवत वाचायला लागले. ते खेकसले, "हात वर! हातानं कोण वाचतं गं?" मी हात वर उचलला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला, त्यांच्या डोळ्यांपुढे, आणि तिथे गिरवत वाचलं. घाम फुटला. पण उतारा संपवला.

"लई हळू हाय," गुरुजी म्हणाले.

माय दारात उभी होती. कामाचा खाडा करून आली होती. म्हणाली, "हळू हाय, पर वाचलं तिनं. सगळ्यांनी ऐकलं. आता नाव कापून दाखवा."

नाव राहिलं. वर्गही तोच राहिला. तिसऱ्यांदा चौथी. निखिल पाचवीत गेला. त्यानं उतारा कुणाला वाचून दाखवला, मी विचारलं नाही.

आता मी बिलोलीला असते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. अजून बोटानंच वाचते, नवा माणूस समोर असला तरी हात टेबलाखाली नेत नाही. दर उन्हाळ्यात अक्षरं उलटसुलट दिसणाऱ्या पोरांचा वर्ग घेते. एक पितळी परात आहे, तिच्यात तुरीची डाळ. सगळे हात धुतात, सगळे हात त्याच परातीत जातात. संध्याकाळी डाळ धुऊन तिची खिचडी होते आणि सगळे तीच खातात, मीसुद्धा. खाल्ल्याशिवाय कुणी घरी जात नाही. हा माझ्या वर्गाचा एकमेव नियम.

यंदाही पाणी नाही. टँकर येतोय. परवा एका पोरीचे वडील आले. शिकलेले, नोकरीवाले, बोलायला गोड. ही पोर गेल्याच आठवड्यात पहिल्यांदा आपलं नाव वाचून नाचली होती. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं काम लई मोठं हाय. फक्त आमच्या लेकरासाठी घरून वेगळं ताट पाठवतो. तिला तेवढी खिचडी देऊ नका. स्वच्छतेचा प्रश्न असतो बघा."

चाळीस वर्षांत बाईंचं वाक्य तेवढं बदललं. मी विचारलं, "हात तर सगळेच धुतात. कुणाच्या हाताचा प्रश्न हाय?" ते उठले. पोरीच्या दंडाला धरून घेऊन गेले. जाताना ती मागे वळून परातीकडे बघत होती.

मला झोंबलं. अजून झोंबतंय. त्या पोरीचा काय गुन्हा? माझा तरी काय होता? सोबतच्या शिक्षिका म्हणाल्या, एक ताट ठेवलं असतं तर पोर शिकली असती, तुमच्या हट्टापायी तिचं नुकसान. असेल. मी तिच्या घरी जाईन. दारात उभी राहून तिला हाक मारीन, तिच्या बापासमोर. उद्याही जाईन, परवाही.

ती पोर आली, तर सतरंजीवर तिची जागा आहे. तिचं वेगळं ताट आलं, तर ते दाराबाहेर राहील.