आतून पळ, पोरी

अशी लांब काय बसलीस, जवळ ये. हिंजवडी काय परमुलखात आहे का गं? तोंड दाखवतेस वर्षातनं एकदा, आणि आल्या आल्या विचारतेस, "मावशी, ती पळणारी पोर दिसत नाही कुठं?" अगं, चहा तरी होऊ दे. सांगते.

ती पोर म्हणजे माझ्या पुतण्याची थोरली. घर मेंढरं राखणारं. शाळा सुटली की ती बापाबरोबर कासार आंबोलीकडच्या पडीक रानात. तिथं दरवर्षी एखादा नवा बंगला आणि त्याचं तारेचं कुंपण वाढायचं. मेंढरं कुंपणाकडं निघाली की हिनं पळत जाऊन वळवायची. त्यामुळं शाळेच्या स्पर्धेत ती आठशे मीटरला पहिली आली, तेव्हा आम्हाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते खेळाच्या सरांना. ते म्हणाले, पुण्यात मुलींचं क्रीडा वसतिगृह आहे, राहणं, खाणं, शिक्षण सगळं तिथंच. पण चाचणीत पहिल्या दोघींनाच घेतात. तिथं नंबर नाही लागला, तर दहावीनंतर उरवड्याच्या कंपनीत पाकिटं भरायला, तिच्या चुलत बहिणी जातात तशी. तिला ते नको होतं. बोलली कधी नाही, पण कंपनीची गाडी दिसली की तोंड फिरवायची.

चाचणीला मीही गेले होते. दम हिच्यात सगळ्यांपेक्षा जास्त. पण वळण आलं की ही घोळक्यापासून लांब, पार बाहेरून वळसा घालून जायची. म्हणजे पळणंही सगळ्यांपेक्षा जास्त. सर काठावरून ओरडतायत, "आतून! अगं, आतून पळ!" ती तिसरी आली.

सर वैतागले. "सरावाला तर आतून पळतेस, आज काय झालं?" सरावाला ती एकटीच असायची, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या शेजारी उभा असलेला पुतण्या म्हणाला, "सर, ती पळत न्हाई. मेंढरं वळवतीया." मेंढरांना लगटून पळालं की ती बुजतात, कळप फुटतो, म्हणून लांबून वळायचं, हे त्यानंच शिकवलेलं.

पोर खाली मान घालून म्हणाली, "म्होरं पोरी दिसल्या की वाटतं, बुजतील."

"बुजू देत की!" सर म्हणाले. "त्यासाठीच तर पळायचं!"

आम्ही हसलो. ती नाही हसली.

पुन्हा चाचणी पुढच्या वर्षी. घरी आल्यावर बापानं सांगून टाकलं, "उद्यापासनं मेंढरांमागं यायचं न्हाई."

"मग तुमच्यासंगं कोण, आबा?"

"माजं मी बघतो. तू पोरींच्यात पळ."

सरांनी शाळेतल्या मुली गोळा केल्या आणि हिला मधोमध पळायला लावलं. कोपरं लागायची, पाय अडकायचे, ही चिडायची. पण हळूहळू घुसायला शिकली. बापाला एकट्याला कळप आवरेना. त्यानं निम्मी मेंढरं विकली.

दुसऱ्या चाचणीत ती दुसरी आली. शेवटच्या वळणावर दोघींच्या मधून अशी घुसली, की त्यातली एक नंतर भांडायलाच आली. पुतण्या म्हणाला, "जमलं," आणि चहा प्यायला निघून गेला.

आता ती वसतिगृहात असते. कधी पाचवी येते, कधी सहावी. एक हंगाम पाय दुखावला म्हणून बसूनच होती. राज्याच्या शर्यतीत अंतिम फेरीला पोचली, तिथं शेवटची आली. फोनवर म्हणाली, "आजी, हितल्या सगळ्याच पोरी घुसणाऱ्या हायेत." रडत नव्हती. आहे ते सांगत होती.

पुढच्या महिन्यात तिची शर्यत पुण्यातच आहे. पुतण्या काही यायचा नाही. उरलेली मेंढरं कुणावर सोडणार? मी जाणार आहे, पण एवढ्या मोठ्या मैदानात मला एकटीला कुठं बसावं ते कळत नाही. तू आदल्या दिवशी मुक्कामालाच ये, संगं जाऊ. आणि त्याच्या आधी एखादा रविवार मिळाला, तर तेव्हाही ये बाई.