म्हाताऱ्याचं शहर

माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. त्या दिवशी जालन्याच्या नेट कॅफेत, पाच-पन्नास लोकांसमोर मी सख्ख्या आईवर ओरडले, आणि तेही कशापायी, तर कॉम्प्युटरवरच्या खेळापायी. पण तो खेळ कुणासाठी चालला होता ते सांगितल्याशिवाय काही कळायचं नाही.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. अंबडला घरी कॉम्प्युटर आला तो वडिलांच्या हौसेनं. वडील कोर्टात नोकरीला. मी बी.एस्सी. करून सकाळी एका क्लासमध्ये पोरींना टायपिंग शिकवायची आणि उरलेला दिवस बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी पोहे करायची. गावात बोलायला माणूस नव्हतं. मैत्रिणी लग्न होऊन पांगल्या होत्या. अशात टेलिफोनच्या तारेवरून कूंऽऽ किर्रर्र करत ते इंटरनेट लागायचं आणि मला जगात कुणीतरी आहे असं वाटायचं.

खेळ असा, की नदीकाठच्या एका वस्तीपासून सुरुवात करायची आणि शेती, रस्ते, शाळा, फौज असं करत हजारो वर्षांचं राज्य उभं करायचं. घाई नाही, ढिशाँव ढिशाँव नाही. आपली चाल आपण निवांत खेळायची आणि डावाची फाईल मेलनं पुढच्याला धाडायची. तो खेळला की त्याच्या पुढच्याला. असे आम्ही चौघं होतो. मी, माझ्यानंतर पोलंडमधला एक म्हातारा, त्याच्यानंतर ब्राझीलचा एक विद्यार्थी आणि शेवटी कॅनडाचा एक गृहस्थ. डाव मांडला होता त्या कॅनडावाल्यानं, म्हणून नियमही त्याचेच. दोन दिवसांत चाल आली नाही, तर ती चाल तुमच्या वतीनं कॉम्प्युटर खेळणार. आणि ज्याचं शेवटचं शहर गेलं, त्याचं नाव मेलच्या साखळीतून बाद.

वडील जाता-येता टोमणा मारायचे, "राज्य चालवायली पोरगी, आन दूध उतू चाललंय."

मी माझ्या शहरांना आपल्या इकडची नावं दिली होती. राजधानी अंबड. मग केदारखेडा, ते माझं आजोळ. कुंभार पिंपळगाव नाव लिहायच्या चौकटीत मावेना, तर ते अर्धवटच राहिलं. म्हाताऱ्याला या नावांचं फार कौतुक. केदारखेड्याला खरंच नदी आहे का, लोक काय पेरतात, असं चालीसोबत विचारायचा. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं. त्यामुळे आमचं बराबर जमलं. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेला माणूस. बायको वारलेली. राजधानीला त्यानं तिचंच नाव दिलं होतं.

मग त्याचं छातीचं दुखणं बळावलं आणि तो अंथरुणाला खिळला. एकदा त्यानं फक्त मला लिहिलं, की डॉक्टर आता उन्हाळ्याच्या गोष्टी करत नाहीत. दिवसभर छताकडे बघत पडून असतो, पण तुमची फाईल आली की उशी मागे घेऊन उठून बसतो. तेवढ्यासाठी उठतो.



आणि नेमकं त्याच सुमारास ब्राझील आणि कॅनडानं मिळून त्याची एकेक शहरं घेतली. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, खेळच तो, आणि त्यांना त्याचं दुखणं माहीत नव्हतं. मी सांगू का विचारलं, तर म्हातारा ताठ. म्हणाला, बिलकुल नको, दयेवर खेळायचं असेल तर मी भिंतीशी खेळेन. शेवटी त्याच्याकडे एकच शहर उरलं, बायकोच्या नावाचं, आणि त्याला दोन्ही बाजूंनी वेढा.

एकच उपाय होता. त्या दोघांचा माझ्याशी तह होता आणि माझं राज्य दांडगं होतं. माझी फौज म्हाताऱ्याच्या शहरात जाऊन उभी राहिली असती, तर त्या शहरावरचा हल्ला म्हणजे माझ्यावरचा हल्ला, आणि तो त्यांना परवडणारा नव्हता. फौज वेशीपर्यंत आली होती. एक चाल, फक्त एक चाल पाहिजे होती. मी त्याला लिहिलं, आजोबा, काळजी करू नका, येते.

फाईल आली, मी चाल खेळले, फौज शहरात घातली. आता धाडायची, तर फोन मुका. आमच्या गल्लीत नळाची लाईन टाकायला रस्ता खोदला होता, त्यात टेलिफोनची केबल तुटली. टेलिफोन ऑफिसात गेले तर तिथला माणूस म्हणाला, "होऊन जाईल ना मॅडम, जल्दी काय एवढी?" जल्दी काय! अंबडच्या नेट कॅफेत गेले तर त्यांचीही लाईन त्याच केबलवरची. पहिला दिवस असा गेला. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचची.

मग जालना. आता एकट्या पोरीनं जालन्याला जायचं तर घरी कारण लागतं. आईचे गुडघे माझ्या कामी आले. म्हटलं, तुला दाखवून आणते डॉक्टरला. आई खूश. "लई दिवसांनी सुचलं गं तुला," म्हणाली. मी फाईल फ्लॉपीवर घेतली, फ्लॉपी टेबलावर ठेवली आणि वेणी घालायला गेले. परत येते तर आईनं फ्लॉपीसकट पिशवी भरूनसुद्धा ठेवलेली.

एसटीत उभ्यानं गेलो. स्टँडजवळच्या कॅफेत आईला खुर्चीवर बसवलं, नंबर लागल्यावर म्हटलं, आई, ती फ्लॉपी दे. आईनं पिशवीतून तिचा गुडघ्याचा पट्टा काढला. गल्लीतल्या एका बाईनं तिच्या गळ्यात मारलेला, दुखणं ओढून घेतो म्हणून. आत रुपयाएवढी लोहचुंबकं शिवलेली, एक नाही, ओळीनं. आईनं तो उलगडला आणि आतून माझी फ्लॉपी काढून माझ्या हातात ठेवली.

"मोडू न्हाई म्हणून गुंडाळून ठिवली," ती म्हणाली. "एसटीत काय धक्के कमी बसत्यात?"

टायपिंगच्या पोरींना मी पहिल्या दिवशी सांगायची, फ्लॉपीजवळ चुंबक नेऊ नका, सगळं पुसून जातं. पोरींना सांगितलं, आईला कधी सांगितलं? मशीनमध्ये घातली. खरखर झाली आणि पडद्यावर आलं, डिस्क वाचता येत नाही. पुसून घातली, फुंकर मारून घातली, दुसऱ्या मशीनमध्ये घातली. कोरी ती कोरीच.

तेव्हा मी ओरडले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. सगळं कॅफे वळून बघायला लागलं. आई पट्टा हातात धरून उभी. तिला कळतच नव्हतं, की वस्तू जपून आणल्याबद्दल आपल्याला बोलणी का बसतायत. शेवटी हळूच म्हणाली, "कोणाचं काय अडलंय का गं?"

म्हटलं, "एक म्हातारा माणूस मरायला टेकलाय."

"मंग आधी त्याचं बघ. माझा गुडघा ऱ्हाऊ दे."

मी दोन मेल टाकले. कॅनडावाल्याला, की एक दिवस थांब, पाया पडते. म्हाताऱ्याला, की असं असं झालं, आईनं फ्लॉपी पट्ट्यात गुंडाळली, मी फाईल परत आणून धाडते, धीर धरा. कॅनडात तेव्हा मध्यरात्र. उत्तर कुठून येणार? खेळलेल्या चालीची फाईल आता राहिली होती ती फक्त घरच्या कॉम्प्युटरमध्ये. अंबड गाठायचं, ती दुसऱ्या फ्लॉपीवर घ्यायची आणि मिळेल त्या गाडीनं पाचच्या आत पुन्हा जालना. वेडेपणा होता, पण दुसरं होतं काय हातात?

डॉक्टर राहिला. आईला तसंच लंगडत स्टँडवर आणलं. गाडी लागेना, लागली तर सुटेना. कंडक्टर चहा पिऊन राह्यला होता, वाटलं त्याच्या हातातला कप हिसकून घ्यावा. घरी पोचले, चपला न काढता बटण दाबलं. लाईट गेलेली. लोडशेडिंग, संध्याकाळी सहापर्यंत.

मी त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची हिंमत होईना. देवाला म्हटलं, पाच मिनिटं दे, नंतर महिनाभर नेलीस तरी चालेल. पाच वाजले. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मी टेबलावर डोकं टेकवून रडले, आणि आई दारात उभी राहून बघत होती, पण आत आली नाही.

लाईन दुरुस्त झाली तेव्हा डाव एक फेरी फिरून माझ्याकडे आला होता. कॅनडावाल्याचा मेल होता, माफ कर, तुझा मेल सकाळी वाचला, पण नियम सगळ्यांना सारखा. माझी चाल कॉम्प्युटर खेळला होता. त्याला कुणाला दिलेला शब्द कुठून ठाऊक? त्यानं माझी फौज वेशीवरून वळवून घरी नेली होती.

म्हाताऱ्याचाही मेल होता, चार ओळींचा. फौज परत जाताना मी पाहिली. आईवर रागावू नकोस, तिचा गुडघा बरा होवो. हे शहर तुला दिलं आहे, तुझ्याशी त्यांचा तह आहे, ते आता त्याला हात लावणार नाहीत. मला ते उभं राहायला हवं आहे, माझं असायला हवं असं नाही.

मी फाईल उघडली. त्या खेळात आपलं शहर दुसऱ्याला देता येतं. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी दिलं नव्हतं, कोण देईल? वेढ्याच्या मधोमध ते शहर उभं होतं, धक्का न लागलेलं, माझ्या रंगात. म्हाताऱ्याचं शेवटचं शहर गेलं होतं, त्यामुळे त्याचं नाव साखळीतून बाद झालं होतं. आता त्याला कुणी फाईल धाडणार नव्हतं.

मी त्याला वेगळे मेल लिहिले. केदारखेड्याच्या नदीबद्दल लिहिलं, पेरणीबद्दल लिहिलं. डाव पुन्हा मांडू, आपण दोघंच खेळू, नियमबियम काही नको, असंही लिहिलं. उत्तर आलं नाही. रोज लाईन लावायची, रोज तेच रिकामं. किती राग येत होता आणि कुणावर ते कळत नव्हतं. केबलवर, लाईटवर, त्याच्यावर. उठून बसायचं एकच कारण होतं बाबा तुझ्याकडे, ते मला का देऊन टाकलंस?

खेळत मात्र राहिले. शहर उभं ठेवायचं तर खेळणं भाग होतं. एका दुपारी चाल खेळायला बसले, आई शेजारी शेंगा फोडत होती, आणि पडद्यावर त्याच्या बायकोच्या नावाची पाटी आली. म्हाताऱ्यानं शहर माझ्या हवाली करण्याआधी तिथं एक बांधकाम सुरू केलं होतं, ते पुरं झालं होतं. वेढा पडलेला माणूस तट बांधतो. त्यानं धान्याचं कोठार बांधायला घेतलं होतं, पुढच्या कैक वर्षांच्या पिकासाठी. आणि खाली शहर मला विचारत होतं, की हे झालं, आता पुढे काय बांधायचं?

माझा हात माऊसवर तसाच राहिला. आईनं शेंगांतून मान वर केली.

"काय म्हणून राह्यलं गं ते?"

"पुढं काय करायचं, विचारतंय."

"मंग सांग की त्याला," आई म्हणाली. "थांबलंय ते."